लाख, कॉर्क आणि दोरी : जुन्या इंजिनाची तेलगळती

इंजिनाखाली सेकंदाला तेलाचा एक थेंब पडत असेल तर त्याची सहसा कोणी फिकीर करत नाही. पण हिशेब मांडून पाहावा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे तासाला १८० मिलिलिटर तेल रस्त्यावर जाते. जुन्या विलिस जीपच्या इंजिनात फिल्टरसकट सुमारे पावणेपाच लिटर तेल मावते. दहा तासांच्या वाटचालीत त्यातले जवळजवळ दोन लिटर गेलेले असते. उरलेले तेल जास्त तापते, पातळ होते, आणि त्यामुळे आणखी वेगाने गळते. शेवटी बेअरिंगांपर्यंत तेल पोचेनासे झाले की इंजिन जाम होते.

शहरात असे झाले तर गाडी कडेला लावून समोरच्या गॅरेजातला मिस्त्री बोलावता येतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना तसे करता येत नसे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध कित्येक महिने तुटत असे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडला एकत्र येतात आणि पुराच्या दिवसांत आजही रस्ता अडवतात. हा मुलूख ज्यात येतो तो गडचिरोली तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन तो झाला. गाडीचा सुटा भाग हवा असेल तर चंद्रपूर गाठायचे, तिथे मिळाला नाही तर नागपूर. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर. अशा मुलखात जीप चालवायची तर गळती जागच्या जागी थांबवता येणे हे ड्रायव्हिंगइतकेच गरजेचे कसब होते.

आणि ते शक्यही होते. कारण ती इंजिने ज्या काळात घडली, त्या काळात तेल अडवणाऱ्या बहुतेक वस्तू हाताने कापता येतील अशाच पदार्थांच्या होत्या : कागद, कॉर्क, चामडे, लोकरीचा नमदा आणि दोरी. जुन्या इंजिनासाठी घरी कापलेले पॅकिंग हा पुष्कळदा मूळ बनावटीचाच मार्ग असतो. मात्र कुठल्या सांध्याला काय चालते आणि काय मुळीच चालत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक वर्षे तोच सांगाडा थोड्याफार फरकाने भारतीय रस्त्यांवर धावत राहिला. मूळचे इंजिन चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, खाली तेलाचा पत्र्याचा चेंबर, बाजूला टॅपेटचे पत्र्याचे झाकण, पुढे टायमिंगचे कव्हर. यांतला प्रत्येक सांधा तेल गळण्याची एक जागा आहे. पण सर्वांत बदनाम जागा मागची, जिथे क्रँक ब्लॉकमधून बाहेर येऊन फ्लायव्हीलला मिळतो. तिथून निघालेले तेल क्लच प्लेटवर गेले की क्लच घसरतो आणि चढावर गाडी ओढत नाही.

म्हणूनच फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, तळाशी तेल दिसले की पुष्कळजण घाईने ठरवून टाकतात की मागचे सील गेले. यात फसगत होते. तेल नेहमी खाली आणि वाऱ्याबरोबर मागे सरकते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेले तेल ब्लॉकच्या कडेने उतरून बरोबर बेल हाउसिंगखाली जमते. एका कॉर्कच्या पट्टीने भागले असते, तिथे गिअरबॉक्स उतरवली जाते. शोधाची पद्धत सोपी आहे. इंजिन डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करावे. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवावी आणि सर्वांत वरचा ओला डाग शोधावा. खालच्या डागांकडे तोवर पाहूच नये. पावडर स्वस्त असते, आणि एवढे एक काम केले तरी निम्मी चुकीची दुरुस्ती टळते.

त्यानंतरही पाना हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासायची असते : इंजिनाचा श्वास. पिस्टनच्या कडांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन झिजलेले असेल तर जास्त. हा वायू बाहेर पडायला वाट हवी. ती तुंबली की आत दाब साचतो आणि तेल प्रत्येक फटीतून बाहेर ढकलले जाते. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात हा वायू एका छोट्या झडपेतून मॅनिफोल्डमध्ये परत ओढून घेण्याची सोय होती. ती झडप काजळीने चिकटली, किंवा कोणी ती काढून भोक बुजवून टाकले, की चारी बाजूंनी गळती सुरू होते आणि नवे पॅकिंगही महिनाभरात ओले होते. गडचिरोलीच्या उन्हाळी फुफाट्यात या श्वासाच्या वाटेवरच्या ब्रीदरची जाळी फार लवकर भरते. ती रॉकेलमध्ये धुऊन परत बसवणे ही गळतीवरची सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, आणि तीच सर्वांत शेवटी आठवते.

आता पॅकिंग कापण्याकडे यावे. जे दोन भाग एकमेकांवर स्थिर बसतात, त्यांच्यामधले पॅकिंग घरी करण्यात काहीच धोका नाही. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांत खाचा-उंचवटे असतातच. मधला मऊ पदार्थ दाबला जाऊन ते भरून काढतो, एवढेच पॅकिंगचे काम. टायमिंग कव्हर किंवा ऑइल फिल्टरच्या बैठकीसाठी जाड कागद पुरतो. चांगला ड्रॉइंग शीट, जाड ब्राऊन पेपर, वहीचा पुठ्ठा हे सगळे वापरले गेलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्याला तर कागदाचा तोटा कधीच नव्हता. बल्लारपूरची गिरणी १९४५ मध्ये स्थापन झाली तीच मुळी पेपर आणि स्ट्रॉ बोर्डाच्या नावाने. मात्र साध्या पुठ्ठ्याचे थर तेलात सुटू लागतात, म्हणून तो तात्पुरता समजावा. तेलासाठी मुद्दाम बनवलेला पॅकिंग पेपर मीटरवर मिळतो आणि तो घरात एक मीटर असणे केव्हाही बरे.

कापण्याची जुनी रीत अशी. कागद थेट त्या भागावर ठेवायचा. बोल्टच्या एका भोकावर बॉलपिन हातोड्याचा गोल तोंडाचा भाग हलकेच ठोकायचा. भोकाच्या कडेने कागद कापला जाऊन गोल टिकली आत पडते. त्या भोकात बोल्ट घालायचा म्हणजे कागद सरकत नाही. मग समोरासमोरची दोन भोके, मग उरलेली, आणि सर्वांत शेवटी बाहेरची कड. भोके आधी आणि कड नंतर हा क्रम मोडला की कागद ताणला जातो आणि शेवटची भोके जुळत नाहीत. ही ठोकाठोक फक्त ओतीव लोखंडाच्या भागावर करावी. कार्ब्युरेटर किंवा अॅल्युमिनियमच्या कव्हरवर हातोडा चालवला तर मऊ धातूची कड दबते आणि नवी गळती तयार होते. तिथे भागाच्या तोंडाला ग्रीस किंवा शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा आणि कात्रीने कापायचे.

एका जागी मात्र कागदाची जाडी मोजूनच घ्यावी लागते, ती म्हणजे ऑइल पंपाचे झाकण. तिथले पॅकिंग जाड झाले तर आतल्या गिअरांना जास्त मोकळीक मिळते आणि तेलाचा दाब घटतो. जुने पॅकिंग जेवढे जाड होते, नेमके तेवढेच नवे हवे.

चेंबर आणि टॅपेट कव्हर पत्र्याचे असतात, आणि पत्रा वाकतो. तिथे कागद पुरत नाही, कॉर्क लागतो. कॉर्क म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. ती साधारण नऊ वर्षांतून एकदा सोलली जाते. तिच्या पेशी हवेने भरलेल्या असतात, त्यामुळे कॉर्क दाबला तर बसतो पण बाजूंना फारसा फुगत नाही. पत्र्याच्या झाकणाखाली नेमके हेच हवे असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्याची एक खोड मात्र त्रास देते. पारा ४७ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि फळीवर ठेवलेले कॉर्कचे तयार पॅकिंग इतके आकसते की भोके जुळेनाशी होतात. ते फेकून देऊ नये. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवले की परत मूळ मापावर येते.

आणि कॉर्क बसवण्याआधी पत्रा पाहावा. आधीच्या कोणीतरी जोर लावून बोल्ट आवळलेले असतात; प्रत्येक भोकाभोवती पत्रा आत खचलेला आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचललेला असतो. असे कव्हर लाकडी ठोकळ्यावर उलटे धरून हलक्या हाताने सपाट केल्याशिवाय जगातले कुठलेही पॅकिंग टिकणार नाही. त्यानंतर बोल्ट थोडेथोडे, समोरासमोर, कॉर्क किंचित दबेल इतकेच आवळायचे. गळते म्हणून आणखी आवळणे हेच पुष्कळ गळत्यांचे मूळ आहे.

पॅकिंगला काय लावायचे? आज बहुतेक गॅरेजांत सिलिकॉनची ट्यूब उघडली जाते. ते चांगले साधन आहे, पण हात सैल सुटला की घात करते. जास्तीचे सिलिकॉन जेवढे बाहेर दिसते तेवढेच आतही निघालेले असते. त्याचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीवर बसतात आणि ज्या इंजिनाची गळती थांबवली, त्याचेच तेल बंद होते.

जुने मिस्त्री शेलॅक लावत, आणि इथे ही गोष्ट थेट गडचिरोलीच्या जंगलात येते. शेलॅक बनते लाखेपासून, आणि लाख बनवतो एक बारीक किडा. पळस, कुसुम आणि बोर यांच्या कोवळ्या फांद्यांतला रस शोषून तो स्वतःभोवती राळेचे कवच रचतो. ही तिन्ही झाडे या भागातली अगदी ओळखीची. लाख हे इथल्या गौण वनोपजांपैकी एक. फांद्या खरवडून, धुऊन, वितळवून जी पत्री मिळते ती स्पिरिटमध्ये विरघळवली की मिस्त्र्याचे शेलॅक तयार. स्पिरिट उडून जाते, राळ मागे राहते. या राळेचा मोठा गुण असा की खनिज तेलात आणि पेट्रोलमध्ये ती विरघळत नाही. त्यामुळे कागदी पॅकिंगला तिचा पातळ हात दिला की कागदाची छिद्रे बुजतात आणि तेल झिरपत नाही. पळसाच्या फांदीवरचा पदार्थ अमेरिकी जीपचे तेल अडवतो, ही या भागातल्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पण जे स्पिरिटमध्ये विरघळते ते इथेनॉलमध्येही विरघळणारच, कारण स्पिरिट हे मुख्यतः इथेनॉलच असते. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पंपाला, कार्ब्युरेटरच्या सांध्याला, टाकीतल्या कॉर्कच्या तरंगत्या गोळ्याला शेलॅकचा थर दिलेला असेल तर तो आता सुटू लागतो. तेलाच्या सांध्यांना शेलॅक आजही चालते. पेट्रोलच्या सांध्यांना ते यापुढे लावू नये.

फिरणाऱ्या भागाभोवतीची गळती हे वेगळेच प्रकरण आहे. तिथे सील शाफ्टला टेकलेलेही हवे आणि त्याला अडवणारेही नको. वाफेच्या इंजिनाच्या काळापासून यावर एक उत्तर चालत आले आहे : चरबीत भिजवलेली तागाची दोरी हलत्या दांड्याभोवती गुंडाळून वरून दाबायची. जेम्स वॅटच्या इंजिनांत हेच होते. विदर्भातल्या शेतकऱ्याला ही दोरी चांगली माहीत आहे, कारण विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमध्ये तीच भरतात. सुरुवातीच्या जीप इंजिनांच्या मागच्या बेअरिंगलाही विणलेल्या दोरीचेच सील होते. पुढे तिथे रबरी ओठाचे सील आले.

त्यामुळे दोरीवाल्या जुन्या इंजिनाला पंपाच्या दुकानात मिळणारी योग्य जाडीची ग्रॅफाइट दोरी बसवता येते. ती तेलात भिजवून ब्लॉकच्या आणि बेअरिंग कॅपच्या खाचेत घालायची, क्रँकच्याच जाडीचा गुळगुळीत गोल दांडा वरून फिरवून ती खोल बसवायची आणि टोके धारदार पात्याने कापायची. टोके केसभर वर राहिली पाहिजेत, म्हणजे दोन अर्ध्या दोऱ्या एकमेकींना दाबून बसतात. पण जास्त वर राहिली तर कॅप बसत नाही आणि बेअरिंगचे माप बिघडते. इंजिन सुरुवातीला जड फिरते, मग सैल होते. याच कॅपच्या दोन्ही बाजूंना ब्लॉकमध्ये भोके असतात आणि त्यांत रबराचे छोटे दांडे बसतात. ते खाली सुमारे पाव इंच बाहेर डोकावले पाहिजेत, कारण चेंबर आवळला की तोच त्यांना वर ढकलून भोक बंद करतो. मिस्त्री ते कापून सपाट करतो, आणि मग नव्या दोरीला बोल लागतो.

जीपच्या पुढच्या चाकांच्या गोल सांध्यावर नमद्याच्या पट्ट्या असतात. नदी-नाले ओलांडताना चिखल आत जाऊ नये आणि ग्रीस बाहेर येऊ नये, हे त्यांचे काम. या पट्ट्या लोकरीच्या नमद्यातून घरी कापता येतात. गरम तेलात भिजवून मग बसवाव्यात. विणलेले कापड किंवा घोंगडीचा तुकडा इथे चालत नाही, कारण त्याचे धागे सुटतात. नमद्यात लोकरीचे तंतू विणलेले नसतात, एकमेकांत दाबून गुंतवलेले असतात.

रबराची गोष्ट सावधपणे सांगायला हवी. सायकलच्या किंवा मोटारीच्या जुन्या ट्यूबमधून वॉशर कापणे ही खेड्यापाड्यातली सवय आहे आणि पाण्याच्या नळाला तो वॉशर उत्तम चालतो. इंजिन तेलात तो काही दिवसांत फुगतो, लिबलिबीत होतो आणि सांध्यातून बाहेर सरकतो. तेलासाठी नायट्राइल रबर लागते. ते १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झाले आणि फ्रॉयडेनबर्ग नावाच्या कंपनीने शाफ्टच्या सीलसाठी ते वापरले. ही कंपनी मुळात चामडे कमावणारी होती, आणि तिची पहिली सीलही चामड्याचीच होती. चामड्याचे सील तेलात मुरवून आजही जुन्या, सावकाश फिरणाऱ्या भागांवर चालते. स्थिर सांध्यासाठी नायट्राइलची गोल दोरी तिरपी कापून, टोके सुपरग्लूने जोडून ओ-रिंगही घरी करता येते. फिरणाऱ्या शाफ्टवर अशी जोडलेली रिंग बसवू नये.

रबर तापमानाला किती बांधलेले असते याचा सर्वांत भीषण दाखला एका अंतराळमोहिमेतून आला. २८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी ‘चॅलेंजर’ यानाच्या रॉकेटातल्या ओ-रिंगा ताठरल्या, सांध्यातून ज्वाळा निसटल्या आणि ७३ सेकंदांत यान फुटले. सात अंतराळवीर गेले. चंद्रपुरात अडचण नेमकी उलटी. उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून सीलचा ओठ कडक होतो, आणि त्या कडक ओठाने शाफ्टवर खाच पडते. खाच पडलेल्या शाफ्टवर नवे सील घातले तरी गळतेच. अशा वेळी सीलमागे पातळ वॉशर घालून ओठ दोन मिलिमीटर पुढे, न झिजलेल्या जागी टेकवायचा. लेथवाल्याकडे न जाता होणारी ही दुरुस्ती खूप टिकते.

अँबॅसडरबाबत मात्र हात आवरावा लागतो. १९५८ ते २०१४ या काळात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनलेली ही गाडी विदर्भातल्या सरकारी कार्यालयांसमोर वर्षानुवर्षे उभी असे. तिच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला सील नव्हतेच. तिथे क्रँकवर उलटे आटे कापलेले असत. क्रँक फिरताना ते तेलाला आत परत ढकलत. इंजिन बंद केले की ढकलणे थांबते आणि चार थेंब पडतात. याच घराण्यातल्या मॉरिस गाड्यांच्या बेल हाउसिंगच्या भोकात एक सैल कॉटर पिन लटकत ठेवलेली असे, ती हलत राहून भोक तुंबू देत नसे. थेंब पडणार हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. त्या आट्यांमध्ये नमदा किंवा दोरी कोंबली तर तेल परत जाण्याची वाट बंद होते आणि गळती वाढते. तिथे ब्रीदर साफ ठेवणे आणि तेलाची पातळी खुणेच्या वर न नेणे, एवढाच उपाय योग्य.

काही जागी घरगुती सील कधीच करू नये. हेडचे पॅकिंग जळत्या वायूचा दाब सोसते. ते तयारच घ्यावे. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरे तर हातानेच काय, इंजिनाच्या रबरातूनही कापू नयेत. ब्रेकचे द्रव खनिज तेलाहून वेगळे असते आणि इंजिनासाठी उत्तम असलेले नायट्राइल त्यात बिघडते. इथली चूक जिवावर बेतते. जुनी राखाडी पॅकिंगे आणि जुनी दोरी खरवडताना त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते हे धरून चालावे. ती कोरडी घासू नयेत, आधी ओली करावीत आणि तोंडाला चांगला मास्क लावावा.

ज्यांच्या दारात अशी जुनी जीप किंवा अँबॅसडर उभी आहे, त्यांनी एक काम आजच करण्यासारखे आहे. इंजिन पुढच्या वेळी उघडेल तेव्हा निघालेले प्रत्येक पॅकिंग फेकण्याआधी कागदावर ठेवून त्याची कड आणि भोके पेन्सिलीने आखून घ्यावीत, बाजूला जाडी आणि पदार्थ लिहावा आणि ते कागद गाडीच्या पुस्तकात जपून ठेवावेत. ही इंजिने आता कोणी बनवत नाही, आणि पुढच्या मिस्त्र्याला तोच नकाशा लागणार आहे.